ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल आणि फिल्टर घरी बदलता येतो का? बीडच्या उन्हात हे काम करण्याआधी काय माहीत हवं

यूट्यूबवर शोधलं की ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरच्या घरी बदलून दाखवणारे ढीगभर व्हिडिओ सापडतात. गाडी वर उचलली, खालचा बोल्ट काढला, काळपट लाल ऑइल टबमध्ये पडलं, फिल्टर बदलला, नवं ऑइल ओतलं. वीस मिनिटांत काम फत्ते! पण यातले बरेच व्हिडिओ परदेशातले असतात आणि त्यात दिसणारी गाडी तुमची नसते.

बीड जिल्ह्यात गाडीखाली हात घालायला लोक घाबरत नाहीत. ऊसवाहतुकीचा हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टरचं ऑइल, हायड्रॉलिकचा फिल्टर शेतात किंवा वाड्यासमोरच बदलणारी माणसं गावोगावी आहेत, आणि ती हे काम चांगलं करतात. तोच आत्मविश्वास ऑटोमॅटिक कारवर वापरला की मात्र महागात पडू शकतं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल अर्धा लिटर कमी-जास्त झालं तर तो बहुधा सहन करतो. ऑटोमॅटिक कार तेवढी सहनशील नसते. आणि गिअरबॉक्स गेला तर खर्च हजारांत नाही, लाखांत जातो.

तर हे काम घरी करता येतं का? काही गाड्यांमध्ये हो, काहींमध्ये अजिबात नाही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे, हे शोधावं लागतं.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमकं कोणतं?

क्लचचं पेडल नसलेल्या सगळ्याच गाड्यांना आपण ऑटोमॅटिक म्हणतो. पण या एका शब्दाखाली किमान चार वेगळी यंत्रं येतात.

भारतात सर्वसामान्यांच्या बजेटमध्ये ऑटोमॅटिक आली ती २०१४ मध्ये, मारुती सेलेरिओच्या एएमटीमुळे. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल असतं आणि बदलायला फिल्टरच नसतो. क्लच-गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचं ऑइल असेल तर ते वेगळं असतं. म्हणजे एएमटी गाडीचा मालक ‘एटीएफ फिल्टर’ विचारत दुकानं पालथी घालत असेल, तर तो नसलेली वस्तू शोधतोय.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. ही खरी जुनी ऑटोमॅटिक. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच असतो. या लेखात पुढे ज्या ऑइल आणि फिल्टरबद्दल बोलणार आहोत, ते प्रामुख्याने याच प्रकारचं. तिसरा सीव्हीटी, ज्यात गिअरच्या दातऱ्या चाकांऐवजी दोन पुली आणि एक धातूचा पट्टा असतो. चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा.

गंमत अशी की गाडीच्या नावावरून यातलं काहीच कळत नाही. ह्युंदाईची २०२४ ची क्रेटाच घ्या. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी (कंपनी त्याला आयव्हीटी म्हणते), डिझेल ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि टर्बो पेट्रोलमध्ये डीसीटी. नाव एक, गिअरबॉक्स तीन, आणि तिघांचं ऑइल वेगळं. शेजाऱ्याच्या क्रेटात जे ऑइल टाकलं तेच आपल्या क्रेटात टाकायचं, हा हिशेब इथेच कोसळतो.

म्हणून सुरुवात गाडीच्या मॅन्युअलपासून करायची. पुण्या-मुंबईहून घेतलेल्या सेकंड हँड गाडीत बऱ्याचदा मॅन्युअल नसतं. अशा वेळी कंपनीच्या वेबसाइटवरून ते उतरवून घ्या, किंवा चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर विचारा.

हे ऑइल एवढं नाजूक का?

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिकच्या ऑइलला, म्हणजे एटीएफला, एकाच वेळी चार नोकऱ्या कराव्या लागतात. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे याच ऑइलच्या प्रवाहाने जाते. गिअर बदलणारे व्हॉल्व्ह याच्याच दाबावर चालतात. आतली उष्णता हेच बाहेर नेतं. आणि वंगण तर आहेच.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे घर्षण. आतल्या क्लच प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि त्यांनी एकमेकींना धरायचं असतं. जास्त निसरडं ऑइल झालं तर प्लेट घसरतात, कमी निसरडं झालं तर गाडी झटके देते. हे प्रमाण साधणारी रसायनं ऑइलमध्ये मिसळलेली असतात. एकेकाळी अमेरिकेत यासाठी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरलं जायचं. १९७३ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद करावं लागलं आणि कंपन्यांना पर्याय शोधावे लागले.

उष्णता वाढली की ही रसायनं लवकर संपतात. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो. आता मे महिन्यात चाळिशीपार गेलेलं बीड डोळ्यांसमोर आणा. गाडीत सात माणसं, एसी फुल, समोर मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट आणि पुढे उसाची ट्रॉली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढताना टॉर्क कन्व्हर्टर सर्वाधिक तापतो. मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापर’ म्हणून जी परिस्थिती लिहिलेली असते, ऊन, धूळ, चढ, ओझं, ती इथे अपवाद नाही. रोजचं जगणं आहे.

‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही’ हे खरं का?

शोरूममध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. काही कंपन्यांच्या वेळापत्रकातही गिअरबॉक्सच्या ऑइलपुढे फक्त ‘तपासा’ एवढंच लिहिलेलं असतं. पण कुणाचं लाइफटाइम? जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगातल्या अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. गाडी विकणारे ब्रँड त्यातल्या ऑइलला ‘लाइफटाइम’ म्हणत आले आहेत. स्वतः गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

पहिल्या मालकाने पाच वर्षांत गाडी विकली तर त्याच्यापुरतं ते ऑइल लाइफटाइमच ठरतं. बिल पुढच्या मालकाच्या नावावर निघतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात ऑटोमॅटिक घेणाऱ्याने म्हणूनच इंजिनच्या सर्व्हिसइतकीच गिअरबॉक्सच्या ऑइलची नोंद मागायला हवी.

मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो पाळा, आणि खडतर वापराचा वेगळा आकडा असेल तर बीडमध्ये तोच आपला समजा. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम घरी करूच नका. पुढे गिअरबॉक्समध्ये काही झालं तर पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

लाल बाटली म्हणजे एटीएफ नव्हे

स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ‘ऑटोमॅटिकचं ऑइल द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी एक लाल ऑइलची बाटली समोर येते. ती बऱ्याचदा पॉवर स्टीअरिंगसाठी विकली जाणारी डेक्सरॉन-३ दर्जाची असते. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं मानक. त्यातल्या ‘३’ ची परवानगी देणं कंपनीने २००६ अखेर थांबवलं. त्यानंतरचं डेक्सरॉन-६ बरंच पातळ आहे: १०० अंश सेल्सिअसला जुन्याची चिकटता साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक्स, तर नव्याची कमाल मर्यादा ६.४. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४ ही पुन्हा वेगळी मानकं.

लाल रंग हा फक्त मिसळलेला रंग आहे. तो ऑइलचा दर्जा सांगत नाही. बाटलीच्या मागच्या बाजूला तुमच्या गाडीचं मानक अक्षरशः छापलेलं आहे का, एवढंच बघायचं. सीव्हीटीत तर चुकूनही साधं एटीएफ ओतू नका. तिथे पट्टा आणि पुली यांची पकड ऑइलवर अवलंबून असते. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ लागतं, निसानच्या अनेक सीव्हीटींना एनएस-३. आणि ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल घरात डबाभर उरलंय म्हणून? नाही. कुठल्याच कारमध्ये नाही.

प्रत्यक्ष काम: आधी वरचा बोल्ट, मग खालचा

गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे, वॉरंटी संपलीय, योग्य ऑइल, फिल्टर, गॅस्केट आणि बोल्टचे नवे वॉशर हातात आहेत, असं धरून चालू.

पहिला प्रश्न जिवाचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटा, दगड, लाकडाचे ठोकळे यांच्या भरवशावर तर मुळीच नाही. वीट वजनाने अचानक फुटते, सूचना देऊन नाही. चार मजबूत स्टँड आणि खाली काँक्रीटची सपाट जमीन हवी. मातीच्या अंगणात, त्यातही काळ्या मातीत, स्टँडचा पाय रुततो. रॅम्प किंवा खड्डा असलेल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये जागा मिळाली तर ती अंगणापेक्षा केव्हाही बरी. चारही स्टँड यासाठी, की गाडी पुढून उचललेली आणि मागून खाली असेल तर ऑइलची पातळी चुकीची दिसते.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, पण कडकडीत नको. लांबच्या प्रवासानंतर ते ८०-९० अंशांवर असतं आणि बोल्ट काढताच कोपरापर्यंत ओघळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक व्हिडिओंत घाईत निसटणारी गोष्ट. आधी ऑइल भरायचा बोल्ट सैल करून बघा, मग काढायचा. भरायचा बोल्ट वर्षानुवर्षं न उघडल्याने गच्च बसलेला असू शकतो. खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा बोल्ट निघालाच नाही, तर अंगणात एक न चालणारी गाडी उरते. अशी ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही आणि दोरी बांधून ओढायचीही नसते, कारण इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही आणि गिअर कोरडे घासतात. ती ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बोल्ट ओळखतानाही चूक होते. इंजिन ऑइलचा समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडणं हा प्रकार जाणत्या हातांकडूनही होतो. मॅन्युअलमधलं चित्र शेजारी ठेवा. काही गाड्यांत ऑइल काढायच्या बोल्टच्या आत एक उभी नळी असते. ती काढली नाही तर थोडंसंच ऑइल येतं आणि वाटतं की गिअरबॉक्स रिकामा झाला.

निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा. किती निघालं, हाच पुढचा पहिला अंदाज.

मग तळाची परात, म्हणजे पॅन. बोल्ट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे सैल करा. आत फिल्टर दिसेल. जुन्या फिल्टरचं रबरी सील वर चिकटून राहिलं आणि त्यावरच नवं बसवलं, तर पंप तिथून हवा ओढतो. तेव्हा सील निघालंय का, बोटाने चाचपून बघा. सगळ्याच गाड्यांत फिल्टर असा खालून निघत नाही. काहींत तो गिअरबॉक्स उघडल्याशिवाय हाताला लागत नाही, तर झेडएफच्या आठ गिअरच्या प्रकारात तो प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो आणि पूर्ण पॅन बदलावा लागतो. पहिल्या प्रकारात घरी फक्त ऑइल बदला, फिल्टरच्या नादी लागू नका.

पॅन परत लावताना जोर दाखवायचा नाही. चाकाच्या नटला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. पॅनच्या बोल्टना बऱ्याच गाड्यांत १० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दंडाच्या ताकदीने आवळले की ॲल्युमिनियममधले आटे जातात नाहीतर पॅन वाकतो आणि गळती सुरू होते. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा मागून आणा.

पॅनमधले चुंबक काय सांगतात?

पॅनच्या तळाशी छोटे चुंबक असतात. त्यांच्यावर राखाडी, मेंदीसारखा मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. लेपात टोचणारे धातूचे कण, चकत्या किंवा तुकडे असतील तर गिअरबॉक्स आतून तुटतोय.

ऑइलही बोलतं. तपकिरी म्हणजे वय झालंय. काळं आणि करपल्याचा वास म्हणजे क्लच प्लेट जळाल्यात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. अनेक गाड्यांत एटीएफ थंड करणारी नळी रेडिएटरमधूनच जाते आणि तिथे भेग पडली की दोन्ही मिसळतात. पुराचं पाणीही कारण असू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बीड जिल्ह्यात नद्यांना पूर आले. गिअरबॉक्सला हवेसाठी एक छोटं छिद्र असतं. गाडी तेवढ्या पाण्यात बुडली तर पाणी तिथून आत शिरतं आणि क्लच प्लेटवरचं कागदी अस्तर फुगून सुटायला लागतं. पाण्यात उभी राहिलेली ऑटोमॅटिक घेताय? विकणारा ‘इंजिनला काही झालं नाही’ म्हणेल. ऑइलचा रंग बघायला मागा.

खरी परीक्षा: पातळी

अनेक नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत डिपस्टिकच नसते. पातळी तपासायची पद्धत अशी: इंजिन चालू, गाडी सपाट, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून लीव्हर फिरवायचा, ऑइल ठरावीक तापमानाला आलं की तपासणीचा बोल्ट उघडायचा. ऑइल बारीक धारेने येऊन थेंबाथेंबावर आलं की पातळी बरोबर.

सगळी मेख ‘ठरावीक तापमान’ या दोन शब्दांत आहे. बऱ्याच गाड्यांत ही ३५ ते ५० अंशांमधली अरुंद पट्टी असते. नेमका आकडा मॉडेलनुसार वेगळा. ऑइल तापलं की फुगतं, ९ लिटर ऑइल ४० अंशांनी तापलं तर साधारण पाव लिटर. म्हणजे गरम ऑइलवर पातळी बघितली तर प्रत्यक्षात कमी भरलं जातं. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतात. जास्त असेल तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब पेलत नाही. परिणाम तोच.

इथे बीडचा उन्हाळा थेट आडवा येतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच या पट्टीत पोहोचलेलं असतं, आणि काम उरकेपर्यंत पट्टी ओलांडून जातं. परदेशी व्हिडिओत हा मुद्दा येतच नाही, कारण तिकडे गॅरेजमध्ये वीस अंश असतात. हे काम पहाटे करा, किंवा सरळ हिवाळ्यावर ढकला. तापमान गिअरबॉक्सचा आकडा दाखवणाऱ्या स्कॅनरवर बघा. स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनच्या कूलंटचं तापमान दाखवतात, आणि ते इथे उपयोगाचं नाही. स्कॅनर मिळत नसेल तर हे काम घरचं नाही.

एकदा बदललं की सगळं नवं होतं का?

नाही. सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये ८ ते १० लिटर ऑइल असेल, तर बोल्ट काढून साधारण ३ ते ४ लिटरच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. एका वेळी ४० टक्के बदललं असं धरलं, तर पहिल्या खेपेनंतर नवं ऑइल ४० टक्के, दुसऱ्यानंतर ६४ आणि तिसऱ्यानंतर ७८ टक्के होतं. काही गॅरेज यंत्राने दाब देऊन सगळं ऑइल एकदम बदलून देतात. जास्त चाललेल्या गाडीत, ज्याचं ऑइल कधीच बदललेलं नाही, तिथे मधे काहीशे किलोमीटर गाडी चालवत दोन-तीन खेपांत बदलणं जास्त सावध. शेवटच्या खेपेला फिल्टर बदलला तरी चालतो.

‘ऑइल बदललं आणि गिअरबॉक्सच गेला’ अशा कहाण्या गॅरेजच्या कट्ट्यावर ऐकायला मिळतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या आधीच घसरत होत्या, म्हणूनच तर ऑइल बदलायची आठवण झाली. डी टाकल्यावर गाडी दोन सेकंद थांबून झटका देत असेल, आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल किंवा डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला असेल, तर आधी स्कॅन करून दोष शोधा. जळालेली प्लेट नव्या ऑइलने बरी होत नाही.

जुनं ऑइल कुठे जाणार?

ग्रामीण भागात जळक्या ऑइलचे उपयोग सगळ्यांना पाठ असतात: सेंट्रिंगच्या फळ्यांना, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, गंज धरलेल्या अवजारांना, कुठे कुठे जनावरांच्या खरजेलाही. शेवटचा उपयोग तर जनावराच्या कातडीतून विष आत घालण्याचाच. नालीत किंवा बांधावर ओतलेलं ऑइल पावसासोबत ओढ्यात आणि विहिरीत उतरतं, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे एक विहीर खराब होणं परवडणारं नाही.

भारतात वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा मानलं जातं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारीही टाकली आहे. तुमच्यापुरतं काम सोपं आहे. ज्या कॅनमधून नवं ऑइल आलं त्याच कॅनमध्ये जुनं भरा, झाकण घट्ट लावा आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे नेऊन द्या. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नका, नाहीतर ते पुन्हा शुद्ध करणं अवघड होतं. जुना फिल्टर रात्रभर परातीवर उपडा ठेवला की त्यातूनही बरंच ऑइल निथळतं. तेही त्याच कॅनमध्ये जाऊ द्या.